सल्ला सदर : काईट परत लेट, आणि ऐकून घ्यायचं फक्त मीच?

या वेळचं पत्र सिडनीहून आलंय. बरंच मोठं होतं, थोडं कापून देते. त्यातले चार शब्द आधीच सांगते: काईट म्हणजे वाऱ्याबरोबर जाताना वर चढवायचं मोठं फुगणारं शीड, हॅलयार्ड म्हणजे ते वर खेचायची दोरी, रिग म्हणजे डोलकाठी आणि शिडांचा सेट, मार्क म्हणजे शर्यतीत वळायची खूण, आणि नॉर्थ-ईस्टर म्हणजे ईशान्येचा वारा.

"ताई, मी २८ वर्षांची, माहेर देवगड, लग्नानंतर सिडनीला, नोकरी आयटीत. कॉलेजला असताना मुंबईत एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये एंटरप्राइज बोटी चालवल्या होत्या, मग इथे आल्यावर छोट्या स्किफवर थोडं शिकले, आणि या सीझनला एका अठरा फुटी स्किफवर फॉरवर्ड हँडची जागा रिकामी झाली म्हणून मला बोलावलं. आधीचा माणूस ८० किलोचा होता, मी ५७. वारं हलकं असलं की आम्ही मस्त पळतो, मध्ये एकदा तर पहिल्या चारात आलो. पण नॉर्थ-ईस्टर जोरात आला की वरच्या मार्कला वळताना उलटतोच. त्यातल्या दोन वेळा तर बाकीच्या बऱ्याच बोटी लहान रिग लावून आल्या होत्या आणि आम्ही मोठ्यावर. दर वेळी स्किपर ओरडतो, 'काईट परत लेट!' शीट हँड काही बोलतच नाही, नुसता बघतो. मागच्या रविवारी मी शिडाखाली अडकले. काही सेकंदच असेल, पण तेव्हापासून हॅलयार्ड हातात घेतला की हात थिजतात, तो सरकतोही हातातून. नवरा म्हणतो सोड. आईला मी 'बोटिंगला जाते' एवढंच सांगितलंय. मी सोडलं तर ते दोघं ऐन सीझनच्या शेवटी लटकणार, पैसेही तिघांनी घातलेत. मी त्यांना पुरी पडत नाहीये का? – दमलेली फॉरवर्ड हँड"

अगं दमलेल्या बाई,

तू पुरी पडत नाहीयेस असं तुझ्या अख्ख्या पत्रात मला कुठे दिसलं नाही. मला दिसले ते २३ किलो. ८० वजा ५७. टीममधून तेवढं वजन गेलंय आणि तुमची रिग निवडायची पद्धत मात्र अजून आधीच्या माणसाच्या वजनावर चाललीय, आणि या दोन गोष्टींमध्ये जी फट पडलीय तिचं नाव तुमच्या स्किपरने 'काईट लेट' ठेवलंय. बाकी सगळं यानंतर.

आता बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते, नाहीतर निम्मे लोक म्हणतील ही बया कशाबद्दल बोलतेय. अठरा फुटी स्किफ म्हणजे नावाप्रमाणे अठरा फूट, साडेपाच मीटरच्या आसपास लांबीची बोट, आणि तिला दोन्ही बाजूंना पंखासारख्या विंग, त्या धरून रुंदी सिडनीत १४ फुटांपर्यंत. डोलकाठी बोटीच्या लांबीच्या दुपटीच्या आसपास उंच. खाली जड कील वगैरे काही नाही, म्हणजे बोटीला उभं धरणारं वजन कुठलं, तर फक्त ती तीन माणसं, जी विंगच्या कडेवर पाय रोवून ट्रॅपीझच्या तारेवर पाण्यावर आडवी लटकलेली असतात. मागे सुकाणू धरणारा स्किपर, मध्ये शिडाच्या दोऱ्या सांभाळणारा शीट हँड, पुढे फॉरवर्ड हँड. वारा चांगला असेल तर २० नॉटच्या वर सहज जाते, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, इंजिनाशिवाय, आणि पाण्यापासून वीतभर अंतरावरून ३७ म्हणजे काय वाटतं ते लटकणाऱ्यालाच माहीत.

या बोटी सिडनीच्याच. मार्क फॉय म्हणून तिथला एक दुकानदार होता, मोठं डिपार्टमेंट स्टोअर होतं त्याचं, त्याला शिडाच्या शर्यती बघायला फार कंटाळवाण्या वाटायच्या, म्हणून त्याने १८९२ च्या २६ जानेवारीला या बोटींची रेस लावली आणि काठावरच्या लोकांना लांबूनही ओळखता याव्यात म्हणून शिडांवर नंबराऐवजी रंगीत चिन्हं लावायला सांगितली. तेव्हा एकेका बोटीवर दहा-बारा आणि कधी त्याहून जास्त माणसं कोंबलेली असायची, त्यात एक पोरगा नुसता पाणी उपसायला. मग हळूहळू माणसं कमी होत होत १९७० च्या दशकात तीनवर आली. हे मुद्दाम सांगतेय, कारण तुझ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. बारा जणांत एक माणूस हलका आला तर कुणाला कळणारही नाही. तिघांत २३ किलो गेले तर ती वेगळीच बोट झाली, आणि वेगळ्या बोटीला वेगळा हिशोब लागतो, जो तुमच्या शेडमध्ये अजून कुणी मांडलेला दिसत नाही.

आता वरच्या मार्कचं बघू. तू हे सगळं रोज करतेस पण एकदा बाहेरून बघ. वाऱ्यावर चढत आलात, तिघंही तारेवर, मार्क आला, स्किपर बोट खाली वळवायला लागला. या वळणाच्या मध्यात एक पट्टा येतो जिथे वारा बाजूने येतो आणि शिडात सगळ्यात जास्त जोर भरतो, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यात घुसायला बघते, आणि तिथे करायचं काय तर तिघांनीही विंगवर मागे सरकायचं, शीट हँडने मेन, म्हणजे मुख्य शीड, सैल सोडायचा आणि स्किपरने न कचरता वळण पूर्ण करायचं. अर्धवट वळून थांबलं की गेलात. बोट पूर्ण खाली वळून सपाट झाली की मग फॉरवर्ड हँडने तारेवरून आत यायचं आणि हॅलयार्ड हातावर हात मारत खेचायचा. (कामाची वाटणी बोटीबोटीत थोडी इकडेतिकडे असते, पण तुझ्या पत्रावरून तुमच्याकडे असंच दिसतंय.)

म्हणजे काईट कधी वर जाणार ते ठरतं बोट सपाट कधी होणार त्यावर, आणि बोट सपाट कधी होणार ते ठरतं शिडाचा जोर आणि विंगवरचं वजन यांच्या हिशोबावर. मोठी रिग, २० नॉट वारा आणि ८० च्या जागी ५७ किलो, मग तुला त्या माणसापेक्षा जास्त वेळ बाहेर लटकून राहावंच लागणार ना, तू लवकर आत आलीस तर बोट त्याच क्षणी आडवी! तेव्हा काईट लेट जातो हे खरंच आहे, तुझा स्किपर खोटं बोलत नाहीये, त्याला दिसतं तेच तो ओरडतोय. पण कारण तुझ्या हातात नाहीये, ते दुपारी जेवणाच्या वेळेला शेडमध्ये घेतलेल्या निर्णयात आहे.

रिगचं तुला माहीतच आहे, इतरांना सांगते, या बोटींना डोलकाठीसकट शिडांचे वेगवेगळ्या मापाचे सेट असतात, एक नंबर सगळ्यात मोठी, मग दोन, मग तीन, आणि एकदा लावून पाण्यात गेलात की रेसमध्ये बदलता येत नाही. आणि सिडनीचा उन्हाळी नॉर्थ-ईस्टर म्हणजे कसा, बाराला बंदर मरगळलेलं, सगळे म्हणतात आज काही नाही रे, आणि रेसच्या वेळेपर्यंत हेड्सकडून, म्हणजे बंदराच्या तोंडाकडून, पांढऱ्या लाटा दिसायला लागतात. स्किपर लोकांना मोठ्या रिगचा मोह असतोच, कारण वारा आला नाही आणि आपण लहान रिगवर असलो तर सगळी फ्लीट डोळ्यासमोरून निघून जाते आणि ते दुःख उलटण्यापेक्षा मोठं असतं यांना, काय करणार! पण तुमच्या टीमला इथे एक फायदा आहे जो कुणी बोलून दाखवत नाहीये. हलक्या वाऱ्यात तुम्ही पळता. का पळता? तुझ्यामुळे. मग लहान रिग लावून वारा थोडा कमी भरला तरी तुमचं नुकसान जड टीमपेक्षा कमीच होणार आहे. म्हणजे तुमच्या बोटीने दोन नंबरवर इतरांपेक्षा आधी जायला पाहिजे, आणि तुम्ही बरोबर उलटं करताय, इतर लहान रिगवर गेले तरी तुम्ही मोठ्यावरच.

तर हे सगळं तू स्किपरला कसं सांगायचं. पाण्यावर नाही, रेस संपून बोट वर ओढताना तर अजिबात नाही, तेव्हा सगळे गार पडलेले आणि चिडलेले असतात. आठवड्याच्या मधल्या कुठल्यातरी संध्याकाळी दोघांना भेट, शीट हँडलासुद्धा, आणि फक्त वजनाचं बोल. "मला ओरडू नकोस" ने सुरुवात केलीस तर ते भांडण होईल आणि तो म्हणेल बोटीवर ओरडावंच लागतं, आणि ते बरोबरही आहे. वाऱ्याचा, पाण्याचा आवाज, डोक्यात हेल्मेट, वर बंदरातल्या प्रवासी फेरीबोटी, आणि ऑरेंज डायमंडची खूण लावलेल्या फेरीबोटीला तर शिडाच्या बोटींनी वाट द्यायचीच असते, म्हणजे स्किपरचं डोकं चार ठिकाणी, तिथे गोड आवाजात कोण बोलणार. मी या बोटींच्या आसपास बरीच वर्षं आहे, शांत स्किपर मला क्वचितच भेटला.

फरक ओरडण्यात काय आहे त्यात असतो. "थांब", "आत", "हॉईस्ट" (वर खेच), "ईझ" (सैल सोड) हे ओरडणं म्हणजे काम. "परत लेट" यात पुढे काय करायचं ते काहीच नाही, झालेल्याचं खापर तेवढं आहे. तेव्हा मागणी एवढीच कर की वरच्या मार्कला 'आत' हा शब्द स्किपरने द्यायचा, तो आल्याशिवाय तू तारेवरून हलणार नाहीस, आणि तो आल्यावर मात्र एक क्षण वाया घालवणार नाहीस. यात गंमत अशी की बोट सपाट झालीय की नाही हे आता त्याला स्वतःला बघून बोलावं लागेल, आणि दोन रविवारांत त्यालाच कळेल की उशीर कुठे होतोय. आणि मागे विंगवर एखादा छोटा कॅमेरा लावा ना, हल्ली बहुतेक बोटींवर असतोच. व्हिडिओ तिघांनी बसून बघा, फक्त वळणाचा भाग. तिथे शीट हँडलाही तोंड उघडावं लागेल, कारण मला दाट संशय आहे की मेन वेळेवर सुटत नाहीये आणि त्याला ते माहितीये, म्हणून तो गप्प आहे. संशयच हं, मी काही बघितलेलं नाही.

आणि रिग ठरवताना तिघांचं मत. एकजण जरी लहान म्हणाला तर लहान, असा नियम वाऱ्याच्या दिवसांपुरता ठेवा. स्किपरला हे आवडणार नाही. नसू दे.

आता शिडाखाली अडकलीस त्याबद्दल, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे. हे नीट होईपर्यंत पुढच्या जोराच्या वाऱ्यात तू बोटीवर चढायचं नाही. पॉइंट गेले तर जाऊ दे, त्या रविवारी दुसरा माणूस बघा म्हणावं. हात थिजतात म्हणजे तू भित्री आहेस असं नाही, शरीराने एकदा पाण्याखाली श्वास अडकलेला अनुभवलाय आणि ते आता आधीच ब्रेक लावतंय. आणि ते नुसतं "हिंमत धर" म्हणून जात नाही, पाण्यातच जावं लागतं. सकाळचं शांत पाणी, बोट मुद्दाम उलटवायची, शेजारी दुसरी बोट आणि त्यात माणूस, आणि तू स्वतःहून शिडाखाली जायचं. हात वर करून कापड ढकललं की खाली हवेचा खिसा होतो, तिथे श्वास घे. मग शिडाची एखादी शिवण हाताने पकडून एकाच दिशेला सरकत राहायचं, कडा येतेच, दिशा बदलायची नाही, घाबरून इकडेतिकडे हात मारले की माणूस तिथल्या तिथे फिरतो. हे हसायला येईपर्यंत कर. मग हुक. ट्रॅपीझचा हुक तणावाखाली सुटतो का ते बघ, क्विक रिलीजवालं हार्नेस असेल तर ते डोळे मिटून एका हाताने उघडायची सवय कर, उजव्याने आणि डाव्यानेही. दोऱ्या कापायचा छोटा सुरा अंगावर असतो ना? बोटीवर कुठेतरी चिकटवलेला उपयोगाचा नाही, आपण बोटीपासून कुठे असू ते सांगता येत नाही.

आणि बोट उलटली की सगळ्यात आधी तिघांनी एकमेकांना हाक मारायची, तीन आवाज आले की मगच बोटीकडे बघायचं. तू काही सेकंद शिडाखाली होतीस तेव्हा ते दोघं काय करत होते ते पत्रात लिहिलेलं नाहीस. ते त्यांना विचार. तुला शोधत होते की सेंटरबोर्डवर, म्हणजे बोटीच्या तळातून खाली जाणाऱ्या फळीवर, चढून बोट उभी करायला बघत होते? खरं सांगू का, हे टीम सोडावी की नाही त्याचं उत्तर मला ओरडण्यापेक्षा या प्रश्नात जास्त दिसतं. तोंडाचा फाटका पण आधी माणूस शोधणारा स्किपर असेल तर त्याच्याशी जमवता येतं. दुसऱ्या प्रकारचा असेल तर माझंही मत तुझ्या नवऱ्यासारखंच, सोड, आणि सीझनच्या शेवटाचीही वाट बघू नकोस.

(आणि हो, शार्कचं कुणीतरी विचारणारच. सिडनी हार्बरमध्ये बुल शार्क असतात, उन्हाळ्यात जास्त. पण या बोटींवरच्या लोकांना मी शिडाची, तारेची, फेरीची काळजी करताना बघितलंय, शार्कचा विषय बिअर पिताना निघतो.)

पैशांचं थोडक्यात. तिघांनी घातलेत म्हणजे तुझाही आवाज तिसऱ्या हिश्श्याचा आहे, पण सोडलंस तर काय परत मिळणार, मोडतोड झाली तर कोण भरणार, हे तोंडी असेल तर आत्ता एक मेसेज टाकून लिहून घे. भांडणानंतर कुणालाच काही आठवत नसतं.

नवऱ्याचं म्हणणं "सोड" हे त्याने काय बघून ठरवलंय? तू रविवारी संध्याकाळी मांड्यांवर निळे डाग घेऊन रडवेली घरी येतेस ते बघून. रेस त्याने बघितलीय का? डबल बेहून रेसच्या मागेमागे प्रेक्षकांची फेरीबोट जाते, त्यावर बसव त्याला एक रविवार, शक्यतो मध्यम वाऱ्याचा, आणि नंतर त्याचं मत परत विचार. तरीही सोड म्हणाला तर निदान काय सोडायचं म्हणतोय ते त्याला माहीत असेल. आणि रविवार अख्खे जातात हा त्याचा मुद्दा असेल, पत्रात तसा वास येतोय, तर तो बरोबर आहे, बोट लावणं-उतरवणं-धुणं धरून दिवस जातोच, त्यावर तुम्ही दोघांनी बसून बोला, त्यात मी काय सांगणार.

आईला मात्र सांग बाई. "बोटिंग" काय! देवगडच्या बाईला समुद्राचं लपवून काय मिळणार आहे, नारळी पौर्णिमेला नारळ सोडून मग होड्या लोटणारं गाव ते, बोट उलटू शकते हे तिला तुझ्याआधीपासून माहितीये. तिला लाइफ जॅकेटचा फोटो पाठव, हेल्मेटचा पाठव, तुमच्याबरोबर रेस्क्यू बोट असते ते सांग. ओरडेल दोन दिवस. पण उद्या काही झालं आणि तिला नवऱ्याच्या फोनवरून कळलं की लेक असल्या बोटीवर होती, तर ते वाईट.

समजा बोलून झालं, कॅमेरा झाला, रिग लहान झाली आणि तरी "परत लेट" चालूच राहिलं, तर शेवटच्या रेसपर्यंत थांब पण आत्ताच सांगून ठेव की पुढच्या सीझनला मी नाही, म्हणजे त्यांना माणूस शोधायला वेळ मिळेल आणि तुला लटकवल्याची रुखरुख नको. आणि तुला बोटी कमी नाहीत. सोळा फुटी आहेत; बारा फुटी आहेत, त्या बारा फुटींवर दोघंच असतात; आणि ५७ किलोला तर ४९ईआर एफएक्स बघायला हरकत नाही, ती दोघींची बोट, बायकांसाठीचा ऑलिम्पिक क्लास, २०१६ च्या रिओपासून. आपल्या वर्षा गौतम आणि श्वेता शेरवेगर यांनी २०१८ च्या एशियन गेम्समध्ये त्याच बोटीवर रौप्य मिळवलंय. आणि नुसती मजा हवी असेल तर किरीबिलीहून शनिवारी जुन्या पद्धतीच्या लाकडी अठरा फुटी निघतात, खच्चून माणसं भरलेल्या, तिथे वजनाचं कुणी विचारत नाही. पाणी उपसायला मात्र लावतील.

या आठवड्यात करायचं ते असं: दोघांना मेसेज, "बुधवारी अर्धा तास भेटूया, आपल्या वजनाचं आणि रिगचं बोलायचंय," बस, यापेक्षा जास्त लिहू नकोस. शनिवारी सकाळी शांत पाण्यात शिडाखाली जायचा सराव. रविवारी वारा बघून ठरव, जायचंच असं काही नाही. आणि हॅलयार्ड सरकतो म्हणालीस ना, तुझ्या ग्लोव्ह्जचे तळवे एकदा उजेडात धरून बघ. गुळगुळीत झाले असतील तर भीतीच्या आधी ते बदल, ओल्या बारीक दोरीवर असल्या ग्लोव्ह्जनी आधीच्या ८० किलोवाल्याचेही हात सरकले असते.